पहिला आखाड

११ नोव्हेंबर २०२४

आज देवदत्त सरांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, साताऱ्याला जाशील का. कंपनी तिथल्या एमआयडीसीत मोजमापाची नवी प्रयोगशाळा काढते आहे. एप्रिलमध्ये सुरू होईल. कुपवाडच्या आमच्या वर्कशॉपमधून एकच माणूस घ्यायचा आहे, आणि गेज तपासताना माझा हात सगळ्यात स्थिर असतो, असं ते म्हणाले. हात स्थिर असण्यात कौतुकासारखं काही नाही, पण ते खरं आहे.

विचार करून सांगते म्हणाले. विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. मला जायचं आहे आणि मला जाता येणार नाही.

घरची स्थिती एकदाच लिहून ठेवते. आईला चार वर्षांपूर्वी झटका आला. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. तिचा उजवा हात आणि पाय गेला, बोलणं हळूहळू परत आलं. अण्णा तमिळनाडूत सेलमला गलाईच्या दुकानात असतात, सोनं-चांदी गाळण्याचं काम. वर्षातून दोनदा येतात. जयराजदादा इथेच एका कारखान्यात सीएनसी मशीन चालवतो, त्याच्या पाळ्या बदलतात. आईला उठवणं, धुणं, कूस बदलणं, भरवणं मी करते. सकाळी कामावर जायच्या आधी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत स्कूटीवर घरी येऊन आणि मग संध्याकाळी. मधल्या वेळात शेजारच्या गंगव्वा येऊन बसतात. त्या बसतात, उचलत नाहीत. त्यांची कंबर गेलेली आहे. दादाला हे काम जमत नाही. त्याला संकोच वाटतो आणि आईलाही वाटतो, त्यामुळे तो प्रश्न येत नाही.

वर्कशॉपमधून आईपर्यंत स्कूटीने पोचता येतं. साताऱ्याहून येणार नाही.

१७ नोव्हेंबर

फिजिओथेरपीच्या बाईंनी बरेच दिवस सांगितलं होतं म्हणून आज विश्रामबागला एका बैठकीला गेले. घरातल्या आजारी माणसाचं करणाऱ्या तरुण मुलामुलींची बैठक. विनोदिनीताई म्हणून एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांची संस्था. मी मागे, दाराजवळ बसले.

एक मुलगा वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेतो. दहावीतली एक मुलगी आजीचं सगळं करते आणि शाळेत तिला झोप येते म्हणून बाई मागच्या बाकावर बसवतात. ती हे हसत सांगत होती. विनोदिनीताईंनी विचारलं, तुम्हाला नेमकं काय हवं. बऱ्याच जणांनी सांगितलं, कुणीतरी समजून घ्यावं. ते लिहून घेण्यासारखं नव्हतं. मी हात वर केला आणि म्हणाले, "समजून घ्यायला नको आणि कौतुकही नको. रजा हवी. कारखान्यात मशीनसुद्धा बंद ठेवून तिला तेलपाणी करतात. आम्हाला कुणी बंद ठेवत नाही."

काही जण हसले. विनोदिनीताईंनी ते फळ्यावर लिहिलं. कॉलेजच्या हजेरीचंही मी सांगितलं. आपण आजारी पडलो तर सूट मिळते, आई आजारी असली तर मिळत नाही. मला ओळखीच्या डॉक्टरांकडून माझ्या नावाचं सर्टिफिकेट आणायला सांगितलं होतं. मी आणलं नाही, आणि माझं एक सत्र गेलं.

त्यांचं धोरण चौदा ते पंचवीस वयाच्या मुलांसाठी आहे. पैसे मिळाले तर अशा घरांत आठवड्यातून दोन दुपारी एक शिकलेली बाई पाठवणार आहेत. डायलिसिसवाल्या मुलाने विचारलं, "पंचवीसनंतर काय, मॅडम?" त्या म्हणाल्या, "पंचवीसनंतर माणूस मोठा झाला, असं आम्ही धरलंय." सगळे खूप हसले.

नाव लिहून दिलं.

२६ नोव्हेंबर

साताऱ्याचं दादाने आईला सांगून टाकलं. मी सांगायला नको म्हटलं होतं.

संध्याकाळी तिला खुर्चीत बसवत होते तेव्हा म्हणाली, "सातारा लय लांब न्हाई. जा की."

"आणि तू?"

"मी कुठं जातीया? मी हाय हितंच." अर्ध्या तोंडाने हसली. मग म्हणाली, "तू मला मशीनवानी बगतीस, संयू. कुठं वाजतंय, कुठं गळतंय."

मी म्हणाले, मशीनकडे मी नीट बघते.

"व्हय," ती म्हणाली. "त्येच म्हंती मी."

ही तक्रार होती की नाही ते मला ठरवता आलं नाही.

३ डिसेंबर

काल म्हसवडची यात्रा झाली. अण्णा यात्रेसाठी सेलमहून आलेत. रथ ओढून झाल्यावर आज बनाआत्याला घेऊन इकडे आले. बनाआत्या म्हणजे त्यांची मोठी बहीण, म्हसवडलाच असते. तिने आल्याआल्या चहा घ्यायच्या आधी आईकडे विषय काढला.

"शालन, तुज्या पोराचं लगीन कवा करनार? सव्वीस म्हंजे काय कमी झालं व्हय?"

अण्णा म्हणाले, "आदी संयूचं उरकावं म्हंतो मी."

"आन मग हिला कोन उचलनार? तू येनार हायस का सेलमास्नं, दोन वक्ताला?"

अण्णा टीव्हीकडे बघायला लागले. टीव्ही बंद होता.

"आदी सून आना," आत्या म्हणाली. "घरात बाईमानूस आलं की पोरगी मोकळी. मग तिला सातारला जाऊ दे, न्हाईतर अमेरिकेला जाऊ दे."

आईने भिंतीकडे बघत विचारलं, "कुनाची पोर आनताय?"

"मान्साचीच आनतोय की गं. आनि कुनाची आनायची?"

दादा लाजला आणि बाहेर गेला. 

मला आधी ते आवडलं नाही. कामाला माणूस हवा म्हणून लग्न करायचं, हे ऐकायला बरं वाटत नाही. पण नंतर नीट विचार केला. दादाचं लग्न कधी ना कधी होणारच आहे. ते फेब्रुवारीत झालं तर मला एप्रिलमध्ये निघता येतं. यात कुणाचं नुकसान होताना दिसत नाही. देवदत्त सरांना उद्या कळवते की बहुतेक जमेल.

२२ डिसेंबर

मुलगी बघून आलो. म्हसवडच्या पुढे माळावर एक वस्ती आहे, तिथली. नाव सोनम. वय एकोणीस. दहिवडीच्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, रोज एसटीने जाते. वडील कोंडीबामामा शेरडं-मेंढरं राखतात, भाऊ बिरदेव मुंबईला असतो.

मी घरून निघतानाच सांगितलं होतं की आईचं काही लपवायचं नाही. बैठकीत मीच बोलले. उजवी बाजू गेलेली आहे, सगळं जागेवर करावं लागतं, यात सुधारणा होण्याची शक्यता कमी आहे. आत्या मला खुणा करत होती, मी थांबले नाही. कोंडीबामामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजारपन काय कुनाला चुकलंय? पोरगी कामाला वाघ हाय." एवढं झाल्यावर सोनम चहा घेऊन बाहेर आली. निदान फसवणूक झाली असं कुणाला म्हणता येणार नाही.

नंतर तिने मला मागे पाण्याचा हौद दाखवायला नेलं. तिला माझ्या कामाची उत्सुकता होती.

"ताई, तुमी काय मोजता वो?"

"मिलिमीटरचा हजारावा भाग."

"त्ये कशाला लागतंय?"

"नाहीतर एका भागात दुसरा बसत नाही."

"आमच्या बापूंचं बगा. शेरडं मोजताना रोज एक कमी भरतंय. मग आई म्हंती, मोजनाराला पन मोजा." ती स्वतःच हसली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "कॉलेजचं काय, ताई? मला पुढं शिकायचंय."

मी म्हणाले, सांगलीत कॉलेजं आहेत, बघू, आधी घडी बसू दे. तिने मान हलवली.

बोलता बोलता तिने भरलेला हंडा एका झोक्यात कमरेवर घेतला. अंगात ताकद आहे आणि उचलायची पद्धत बरोबर आहे, पाठीवर जोर देत नाही. आईला उठवायचं तर हे महत्त्वाचं आहे. मला मुलगी पसंत पडली.

१६ फेब्रुवारी २०२५

लग्न म्हसवडला झालं. आईला चाकाच्या खुर्चीत नेलं होतं. सगळं वेळेवर पार पडलं.

निघताना सोनमच्या आईने माझा हात धरला आणि सोडेना. "ल्हान हाय वो. सांबाळून घ्या."

मी म्हणाले, "काळजी करू नका. आमच्या घरात सांभाळायची सवय आहे."

२ मार्च

वर्कशॉपमध्ये पाळी सुटताना पुढच्या माणसाला मशीनजवळ उभं करून काम समजावून द्यावं लागतं. शेवटचा भाग त्याच्यासमोर मोजायचा. तो "कळलं" म्हणाल्याशिवाय जागा सोडायची नाही. सोनमला मी तसंच शिकवते आहे. आईचा डावा हात आपल्या मानेभोवती घ्यायचा, तिचा डावा पाय जमिनीला टेकला की मगच उठवायचं. हात मानेभोवती नसेल तर तोल जातो. पाठ आणि टाचा रोज बघायच्या, कुठे लाल दिसलं तर त्या कुशीवर ठेवायचं नाही. तिने दोन दिवसांत उचललं. मला एवढं शिकायला जास्त वेळ लागला होता, पण मला शिकवायला कुणी नव्हतं.

एक गोष्ट तिने स्वतःहून सुरू केली. दुपारी आईच्या केसांना तेल लावते. बराच वेळ लावते. माझ्या आखणीत तेल नव्हतं. तेवढा वेळ दोघी काहीतरी बोलत असतात. आई मोठ्याने हसली तेव्हा मी बाहेरून आत आले, तर दोघी गप्प.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई," आई म्हणाली. "आमचं आपलं चाललंय."

२९ मार्च

विनोदिनीताईंचा फोन आला. संस्थेला पैसे मिळाले, एप्रिलपासून बाई पाठवायला सुरुवात करणार. पहिल्या दहा घरांत आमचं आहे. बैठकीत मी बोलले ते त्यांनी पैसे देणाऱ्यांना जसंच्या तसं सांगितलं म्हणे, मशीन बंद ठेवण्याचं.

मी सांगितलं की आता आमच्याकडे तसं कुणी राहिलं नाही. मी परवा साताऱ्याला जाते आहे आणि घरात वहिनी आली आहे.

"अरे वा," त्या म्हणाल्या. "छान झालं गं. सुटलीस."

"हो. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या. दहावीतली एक मुलगी होती, तिला द्या."

"तू म्हणतेस म्हणून विचारते, नक्की ना?"

"नक्की. गरज नसताना अडवून ठेवायला नको."

असं प्रामाणिकपणे सांगणारे फार थोडे असतात, असं त्या म्हणाल्या.

१३ एप्रिल

साताऱ्यात खोली मिळाली आहे, कामावर चालत जाता येतं. प्रयोगशाळेत तापमान वर्षभर वीस अंशांवर ठेवलेलं असतं, कारण धातू उष्णतेने फुगतो आणि माप चुकतं. आत जाताना चपला बाहेर काढतो. कुणी मोठ्याने बोलत नाही. मला इतकी शांत जागा माहीत नव्हती.

काल जेवताना एकदाही उठावं लागलं नाही. भाकरी शेवटपर्यंत गरम होती. हे लिहिण्यासारखं आहे की नाही माहीत नाही.

सहा महिने प्रोबेशन आहे.

१ जून

रविवार धरून कुपवाडला जाऊन आले. आईची पाठ स्वच्छ आहे, टाचा चांगल्या आहेत, वजन थोडं वाढलंय. काम अचूक चाललं आहे. तसं मी सोनमला म्हणालेही.

ती वाळली आहे. मी लोहाच्या गोळ्या आणून दिल्या. तिची परीक्षा मे महिन्यात होऊन गेली. दहिवडीला जाऊन द्यायची होती, ती राहिली. मी दादाला विचारलं तेव्हा म्हणाला, "तुला फोन करनार हुतो, पन तू नवीन नोकरीत. म्हटलं कशाला."

"आणि तू?"

"माझी पाळी हुती. आन मी असून काय उपेग हाय?"

सोनम म्हणाली ऑक्टोबरला पुन्हा देता येते. तिची पुस्तकं वर माळ्यावर ठेवली आहेत. खाली ठेवली तर ओली होतात, असं तिचं म्हणणं.

तेवढ्यात आईने आतून हाक मारली. हाक कुणाला मारली ते कळलं नाही. मी उठायच्या आत सोनम गेली होती.

२५ जून

दुपारी दादाचा फोन. सोनमला न्यायला कोंडीबामामा आलेत. उद्यापासून आषाढ लागतो, नव्या सुनेचा पहिला आखाड माहेरी. महिनाभर.

आपल्यात असं करतात हे मला माहीत होतं, पण आमच्या घरात होईल हे मी धरलंच नव्हतं. माझ्या आखणीत ते कुठेही नाही.

"थांबव तिला," मी म्हणाले.

"कसं थांबवू? पैल्या आखाडात सासू-सुनंनं एकमेकीचं तोंड बगू नये म्हंत्यात."

"आणि आईला कोण उचलणार?"

"त्येच तुला इचारतोय की," दादा म्हणाला.

मामा बाहेर एसटीची वेळ झाली म्हणत होते, ते मला फोनमधून ऐकू येत होतं. सोनमचा आवाज येत नव्हता.

देवदत्त सरांकडे रजा मागितली, साताऱ्याचंही तेच बघतात. प्रोबेशनमध्ये रजा नसते. बिनपगारी दिली, पण आठ जुलैला बाहेरचे लोक प्रयोगशाळा तपासायला येणार आहेत. त्या दिवशी मी नसेन तर मला कुपवाडला परत पाठवून दुसऱ्या कुणाला तरी आणावं लागेल, असं सर म्हणाले. चिडून नाही म्हणाले. नुसतं सांगितलं.

२८ जून

कुपवाडला तिसरा दिवस. हातांना सगळं आठवतं, अंगाला आठवत नाही. तीन महिन्यांत मी कमजोर झाले की आधी मला कळत नव्हतं, ते ठरवता येत नाही. गंगव्वा येऊन बसतात. म्हणाल्या, "तुजी वैनी असली की घरात आवाज तरी असतोय. तू लय गप काम करतीस बाई."

बनाआत्याला फोन केला. ती येऊ शकत नाही, गुडघे सुजलेत. मी तिला म्हणाले, ही अंधश्रद्धा आहे, तोंड बघितल्याने काही होत नाही, सोनमला आठवड्यात परत बोलावू.

"अंदश्रद्दा न्हवं, रीत हाय."

"रीत कशासाठी? त्याला काही आधार आहे का?"

आत्या म्हणाली, "आधार काय असतोय? पोरगी म्हैनाभर आईजवळ झोपती. आमाला बी तेवढंच मिळायचं. त्येच्या आदी न्हाई आन त्येच्या मागनं न्हाई. तोंड बगू नये आसं सांगितलं न्हाई तर कोन सोडंल का?"

मी म्हणाले, ते सगळं ठीक आहे, पण माझ्याकडे आठ तारखेपर्यंतच वेळ आहे.

२ जुलै

विनोदिनीताईंना फोन केला. ती जागा अजून आहे का.

"दिली गं ती. तूच म्हणाली होतीस ना, त्या मुलीला द्या. तिच्याकडे जाते आता बाई."

"पैसे देऊन कुणी मिळेल का? महिनाभरासाठी?"

त्यांनी दोन नंबर दिले. एकीने आठवड्यानंतर बघते म्हटलं. दुसरीने आधी विचारलं, पेशंट बाई की बाप्या, मग विचारलं, उचलावं लागतं का, मग फोन ठेवला.

विनोदिनीताईंनीच नंतर परत फोन केला. "तुझ्या वहिनीचं वय काय?"

"एकोणीस."

त्या म्हणाल्या, "नाव पाठवून ठेव. पण लगेच काही होईल असं वाटत नाही. लग्न झालेल्या मुली आम्ही धरल्याच नाहीत. धोरण लिहिताना मीच म्हटलं होतं, सुना घातल्या तर सगळा जिल्हा घालावा लागेल."

नाव पाठवलं.

आता स्थिती अशी आहे. मी थांबले तर साताऱ्याचं काम जातं आणि पुन्हा मिळत नाही. गेले तर आईला उठवायला कुणी नाही. दादा काल माझ्यासमोर आईजवळ उभा राहिला, हात पुढे केला आणि मागे घेतला. आई म्हणाली, "जा बाबा तू भाईर." सोनमला आणणं हा एकच मार्ग राहतो. तिचा आखाड अर्धा तरी झालेला असेल.

७ जुलै

सकाळच्या गाडीने विट्यावरून म्हसवड, तिथून वडापच्या जीपने वस्तीवर. आईजवळ दिवसभर गंगव्वांच्या नातीला बसवलं होतं. ती नववीत आहे, शाळा बुडवून बसली. एका दिवसाचा प्रश्न होता.

पोचले तेव्हा सोनमची आई दारात शेंगा निवडत होती. मला बघून आधी उठली नाही. मग उठली, पाणी दिलं.

"सोनम कुठाय?"

"झोपलीया."

"बरं नाही का?"

"बरी हाय की. आल्यापास्नं खाती आन झोपती. पैल्या दिशी तर अशी झोपली, मी नाकाम्होरं बोट धरून बगितलं." तिने पुन्हा शेंगा हातात घेतल्या. "उठवू का?"

मी नको म्हणाले आणि बसून राहिले. सोनम दिवे लागायच्या पुष्कळ आधी आपणहून उठली, केस मोकळे, गालावर गोधडीच्या टाक्यांचे वळ. मला बघून तिने पहिल्यांदा विचारलं, "आई बऱ्या हायत न्हवं?"

"बऱ्या आहेत."

"मग?"

मी सगळं सांगितलं. तपासणी, प्रोबेशन, दादाची पाळी, गंगव्वांची कंबर. आखाडाला काही शास्त्रीय आधार नाही, तेही सांगितलं. ती केस विंचरत ऐकत होती. वेणी घालून झाल्यावर म्हणाली, "ताई, एक इचारू?"

"विचार."

"तुमी आईंचं किती वर्सं केलंसा?"

"चार."

"मग माझी किती धरायची?"

मला आकड्याने उत्तर द्यायची सवय आहे. माझ्याकडे आकडा नव्हता. मी म्हणाले, "बघू. आधी ही तपासणी होऊ दे."

"बगू," ती म्हणाली आणि उठून पिशवी भरायला लागली. रडली वगैरे नाही.  तिची आई एका पिशवीत शेंगा भरत होती आणि पिशवी भरली तरी वरून भरतच राहिली. शेंगा खाली सांडत होत्या.

रस्त्यावर कोंडीबामामा शेरडं घेऊन भेटले. लेकीच्या हातात पिशवी बघून थांबले. "रीत मोडतीया, ताई," म्हणाले. "पर तुमी शिकलेल्या. तुमाला आमी काय सांगायचं?" ते मला दोष देत नव्हते. दोष दिला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

सोनम गाडीत बसल्या बसल्या झोपली. विट्याला जागी झाली, कुठे आलो विचारलं आणि परत झोपली.

घरी पोचलो तेव्हा दादा कामावर गेला होता. नातीला मी घरी पाठवलं. आईचं अंथरूण ओलं होतं, त्या पोरीला बदलता आलं नव्हतं. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "आलीस? मागं कोन हाय?"

"सोनम."

आईने डाव्या हाताने पदर ओढला आणि तोंडावर घेतला.

"तिला म्हनावं माघारी जा. आखाड हाय."

"आई, तोंड बघितल्याने काही होत नाही. असं काही नसतं."

"मला ठावं हाय," आई पदराआडून म्हणाली. तिचं बोलणं एरवी अडखळतं, हे अडखळलं नाही. "मी न्हाई बगायची तिला. म्हैना हुईस्तोवर न्हाई. जा म्हनावं."

मी तिला सांगितलं की आता गाडी नाही. ती पदर सोडेना. सोनम पिशवी घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होती, आत येत नव्हती. मी पुढे झाले, आईच्या पाठीखाली हात घातला, पण तिने अंग जड केलं. तिचा डावा हात मानेभोवती आल्याशिवाय तिला उठवता येत नाही. तो हात पदरात गुंतला होता.

तेव्हा सोनमने पिशवी खाली ठेवली आणि आत आली. पलंगाशी वाकली.

"आई, हात द्या."

"न्हाई."

"वल्ल्यात किती येळ पडताय? द्या हात."

"तू जा बाई. मी पडती."

सोनम आणखी खाली वाकली. मग म्हणाली, "बरं, मी डोळं मिटते. तुमी बी मिटा. म्हंजे कुनी कुनाचं बगितलं न्हाई. झालं?"

 पदराच्या आत आई रडत होती की हसत होती, मला बाहेरून कळलं नाही. मग पदर खाली आला. डोळे घट्ट मिटलेले होते. तिने डावा हात चाचपडत वर केला आणि सोनमने डोळे मिटूनच तो आपल्या मानेभोवती घेतला. पाय जमिनीला टेकला की नाही, तेही तिने पायानेच बघितलं. मग उठवलं. मी शिकवलं होतं तसंच, कुठेही न चुकता. दोघी खोलीच्या मध्यावर एकमेकींना धरून उभ्या राहिल्या, आणि डोळे उघडे फक्त माझे होते.

चादर मी बदलली. पहाटेच्या गाडीने साताऱ्याला निघायचं आहे.